जुन्या संभाजीनगरात स्वस्त लॉज घेताना: आधी पाणी, मग खोली, पैसे शेवटी

गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, पैठण गेट या पट्ट्यातल्या लॉजबद्दल तक्रारी कायम त्याच येतात. पाणी गेलं, ढेकूण निघाले, एका रात्रीचे दोन दिवस लावले. बऱ्याच वेळा लॉज वाईट नसतं, उतरणाऱ्याचा क्रम उलटा असतो. आधी अ‍ॅडव्हान्स देतात, मग आधार देतात, मग बॅगा घेऊन तिसरा मजला चढतात आणि घाम पुसत बाथरूमचा नळ उघडतात. तोवर पैसे अडकलेले असतात आणि परत जिना उतरायची ताकद उरलेली नसते. खालचा क्रम जसा दिलाय तसाच पाळा.

१. भाग नेमका ठरवा

बुकिंग अ‍ॅपवर ‘शहराच्या मध्यात’ असं लिहिलेलं असलं तरी ते जालना रोडवरचं किंवा सिडकोतलं हॉटेल असू शकतं. त्यामुळे लॉजला फोन करून जवळचा दरवाजा किंवा चौक विचारा. पैठण गेट, भडकल गेट, दिल्ली गेट, शहागंजचं घड्याळ यांपैकी एक नाव आलं की जागा कळली. ‘स्टेशनजवळ’ म्हणाले तर ते जुनं शहर नाही. रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक आणि गुलमंडी ही तीन वेगवेगळी ठिकाणं आहेत, आणि सामान घेऊन एकातून दुसऱ्यात चालत जाण्याचा विचार उन्हाळ्यात तरी करू नका.

शहराचं नाव बदललं, पण सगळ्या पाट्या आणि अ‍ॅप बदललेले नाहीत. हॉटेल शोधताना ‘औरंगाबाद’ आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ अशा दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धी यादी दिसतच नाही. रेल्वे स्टेशनचं नावही २०२५ च्या ऑक्टोबरात बदललं आणि कोडही बदलला, त्यामुळे जुना कोड पाठ असलेल्यांनी तिकीट काढताना पूर्ण नाव वाचून घ्यावं.

कोणासाठी कोणता भाग? सकाळी लवकर वेरूळची एसटी धरायची असेल तर बसस्थानकाकडचा भाग, म्हणजे खडकेश्वर, औरंगपुरा, समर्थनगर. बाजार आणि जुन्या गल्ल्या पायी फिरायच्या असतील, रात्री नान-खलिया खाऊन चालत परतायचं असेल तर सिटी चौक किंवा शहागंज. म्हाताऱ्या माणसांना घेऊन येत असाल तर गल्लीच्या आतलं लॉज सोडाच. तिथे रिक्षा चौकापर्यंतच येते आणि पुढचं पायी.

सावधान: चारचाकी असेल तर ‘पार्किंग आहे का’ असं विचारू नका, ‘आहे’ असंच उत्तर मिळतं. ‘गाडी रात्री नेमकी कुठे उभी राहील, आणि सकाळी सहाला काढता येईल का’ असं विचारा. बऱ्याच ठिकाणी पार्किंग म्हणजे समोरच्या बंद दुकानाचं शटर, आणि दुकान उघडायच्या आत गाडी हलवावी लागते.

२. वार आणि वेळ आधी जुळवा

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. सोमवार-मंगळवार अशी सुट्टी असेल तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. उलटं केलंत तर दोन्ही दिवस बंद दारं बघून परत याल. आणि ही चूक कधीतरी नाही, दर आठवड्याला होते.

लॉज भरलेले असण्याचे दिवस: १४ जानेवारीचा विद्यापीठ नामविस्तार दिन, नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा, महाशिवरात्र, पैठणची नाथषष्ठी, लग्नाच्या दाट तिथी, आणि मोठ्या स्पर्धा परीक्षेचा शनिवार-रविवार. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात शहागंज-सिटी चौकाचा बाजार रात्रभर जागा असतो. ते बघायला यायचं असेल तर उत्तम, झोपायला यायचं असेल तर त्या आठवड्यात दुसरा भाग बघा.

आता सगळ्यात जास्त पैसे जिथे जातात ती गोष्ट: चेकआऊटची पद्धत. इथे दोन पद्धती चालतात. ‘चोवीस तास’ म्हणजे तुम्ही ज्या वेळी खोली घेतली त्या वेळेपासून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत एक दिवस. ‘बारा वाजता’ म्हणजे तुम्ही कधीही या, दुपारी बाराला दिवस संपला.

मुंबईहून रात्री निघणारी देवगिरी एक्सप्रेस पहाटे उतरवते. समजा शनिवारी पहाटे साडेचारला खोली घेतली आणि रविवारी रात्री आठला निघायचंय. बाराच्या पद्धतीत शनिवारी दुपारी पहिला दिवस संपतो, रविवारी दुपारी दुसरा, आणि त्यानंतर तिसरा लागतो. चोवीस तासांच्या पद्धतीत दोन दिवस. तिसरा मार्ग आहे, तो कमी लोक वापरतात: पहाटे खोली घेऊच नका. स्टेशनच्या प्रतीक्षालयात तोंड धुवा, सामान क्लोकरूममध्ये ठेवा (बॅगेला कुलूप आणि जवळ तिकीट लागतं), सकाळी वेरूळ करा आणि संध्याकाळी पाचला चोवीस तासवाल्या लॉजमध्ये खोली घ्या. रविवारी पाचच्या आत खोली सोडलीत की एकाच दिवसाचं भाडं.

३. फोनवर विचारायचे प्रश्न

अ‍ॅपवर बुकिंग झालं तरी लॉजला फोन करून खात्री करा. अ‍ॅपवरची खोली काउंटरवर ‘अशी काही बुकिंग आमच्याकडे नाही’ होते, हे जुन्या शहरात नवीन नाही. फोन करताना सरळ विचारायचं:

‘मामा, पाणी नळाचं का टँकरचं? चोवीस तास येतं का ठरावीक वेळी?’

पहिला प्रश्न हाच, कारण शहरातल्या कित्येक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. जायकवाडी भरलेलं असलं तरी नळ रोज येईल असं नाही. लॉजची गच्चीवरची टाकी टँकर आणि बोअरवर चालते. ‘पाण्याचं काही टेन्शन नाही’ हे उत्तर नाही. ‘सकाळी पाच ते दहा, परत संध्याकाळी’ हे उत्तर आहे, आणि असं स्पष्ट सांगणारा मॅनेजर बहुतेक वेळा बाकी गोष्टीतही खरं बोलतो.

मग हे विचारा: चोवीस तास की बारा? गरम पाणी गीझरचं की सोलरचं, आणि किती वाजेपर्यंत? खोली कोणत्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? दोघांचं भाडं आणि तिसऱ्या माणसाची जादा गादी किती? लाईट गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं? (बहुतेक ठिकाणी फक्त पंखा आणि एक दिवा.) सगळ्यात शेवटी भाडं, करासकट.

तपासा: फोनवर सांगितलेलं भाडं त्याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपने लिहून पाठवा आणि ‘हो’ मिळवा. दोन ओळी पुरतात.

४. पिशवीत काय हवं

स्वतःचं कुलूप. जुन्या लॉजमध्ये अजून कडी-कोयंडा असतो, आणि लॉजच्या कुलपाची दुसरी किल्ली काउंटरच्या खणात असते. कुलूप मध्यम आकाराचं घ्या. फार जाड दांडीचं कुलूप जुन्या कोयंड्याच्या भोकात जात नाही. स्वतःचं कुलूप लावलं तर सफाईला कोणी येणार नाही, हे काउंटरवर सांगून ठेवा.

याशिवाय स्वतःची एक चादर आणि उशीचा अभ्रा, रबरी चपला, मोबाईलचा नाही असा छोटा टॉर्च, दोन-तीन मीटरची एक्स्टेन्शन वायर (चार्जिंगचा पॉइंट हमखास दाराजवळ, पलंगाच्या दुसऱ्या टोकाला), दोरी आणि चार चिमटे, डासांसाठी मलम. साबणाबरोबर शाम्पूची एक जादा पुडी ठेवा. बोअरचं पाणी जड असतं, त्यात फेस येत नाही आणि केस चिकट राहतात.

ओळखपत्र: प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ, पत्ता असलेलं. पॅनकार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधारची झेरॉक्स द्यायचीच तर मास्क केलेलं आधार काढून घ्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘फक्त लॉजमधील मुक्कामासाठी’, तारीख आणि सही. मूळ कार्ड ‘सकाळी घेऊन जा’ म्हणाले तर नाही म्हणा. नोंद झाली की कार्ड परत खिशात.

आणखी एक अडचण लोकांना दारात कळते: आधारवर संभाजीनगरचाच पत्ता असेल तर बरीच लॉज खोली देत नाहीत. असा पत्ता असेल तर फोनवरच सांगून टाका.

५. काउंटरवर: सही आधी नाही

बॅगा खालीच ठेवा, एकाने त्यांच्याजवळ थांबा, दुसऱ्याने खोली बघायला जा. ‘आधी खोली बघून येतो’ एवढंच म्हणा. ‘रजिस्टर भरा, पोरगं खोली दाखवतं’ असं म्हणाले तरी पेन हातात घेऊ नका. रजिस्टरवर सही झाली की भाड्यावर बोलायची तुमची बाजू संपते.

पहिली दाखवलेली खोली सहसा सगळ्यात न जाणारी असते. दोन खोल्या बघा. तीन बघितल्या तर मॅनेजर वैतागतो, पण वैतागू द्या.

६. खोलीची तपासणी, याच क्रमाने

पाच ते सात मिनिटं लागतात.

पाणी. बाथरूमचा नळ पूर्ण उघडा आणि खाली बादली ठेवा. वीस लिटरची बादली तीन-चार मिनिटांत भरली तर दाब चांगला. सात-आठ मिनिटं लागत असतील तर सकाळी सगळ्या खोल्यांतले नळ एकदम उघडल्यावर तुमच्याकडे धारही येणार नाही. वरच्या मजल्यावर टाकी जवळ असल्याने दाब कमी असतो, खालच्या मजल्यावर बरा. फ्लश एकदा ओढा, टाकी परत भरू द्या, दुसऱ्यांदा ओढा. एकदा ओढून तो जुन्या साठ्यावर चालतो, दुसऱ्यांदा खरं कळतं. पाणी बादलीत स्थिर झाल्यावर तळाला गाळ दिसला तर टाकी बऱ्याच दिवसांत धुतलेली नाही, त्या पाण्याने दातही घासू नका. प्यायला जार किंवा बाटली.

गरम पाणी. सोलर असेल तर पाइपात रात्रीचं थंड पाणी अडकलेलं असतं. अर्धी बादली वाहू दिल्याशिवाय गरम येत नाही, आणि लोक तेवढं न थांबता ‘सोलर बंद आहे’ म्हणून भांडायला खाली जातात. वाहतं ते पाणी फेकू नका, संडासाला वापरा, टँकरचं आहे.

पलंग. गादीचा कोपरा उचला, भिंतीकडचा, समोरचा नाही. टॉर्च शिवणीवर फिरवा. मोहरीपेक्षा बारीक काळे-तपकिरी ठिपके, जणू कोणी पेनाचं टोक टेकवलंय, ते ढेकणांच्या विष्ठेचे. मग पलंगाच्या डोक्याकडची प्लायवूडची फळी, तिची सांध, आणि भिंतीवरचं सैल झालेलं स्विचबोर्ड. चादर पांढरी आणि कडक इस्त्रीची असली म्हणून गादी स्वच्छ असते असं नाही. ठिपके दिसले तर शेजारची खोलीही घेऊ नका, ढेकूण भिंतीतून जातात. दुसरा मजला मागा, नाहीतर दुसरं लॉज.

सावधान: तपासणी होईपर्यंत बॅग पलंगावर किंवा गालिच्यावर टेकवू नका. ठेवायचीच तर बाथरूमच्या कोरड्या फरशीवर.

दार-खिडकी. आतली कडी लावून दार बाहेरून ढकलायला लावा. कोयंड्याचे स्क्रू हलतात का बघा. बाथरूमच्या झरोक्याला जाळी आहे का, नसेल तर रात्री डास तिथूनच येणार. खिडकी उघडते का? लाकडी जुन्या खिडक्या रंगाने चिकटलेल्या असतात. जिन्यावरून उतरताना बघा की तो एकच आहे का, आणि त्यावर गॅसच्या टाक्या, गाद्या, पाण्याचे जार रचलेत का. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. जिना अडलेला असेल तर खोली कितीही स्वस्त असो, सोडा.

हवा. मराठवाड्याचा उन्हाळा एप्रिल-मेमध्ये सहज चाळिशी ओलांडतो. सगळ्यात वरच्या मजल्याची खोली म्हणजे थेट स्लॅबखाली. दुपारभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी तीनला अंगावर घेता येत नाही. उन्हाळ्यात मधला मजला मागा. कूलर असेल तर तो खिडकीत बसवलेला हवा. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवतो आणि तासाभरात अंग चिकट होतं. पावसाळ्यात तर कूलरचे जादा पैसे देऊच नका, बाहेरची हवाच ओली असते.

आवाज. रस्त्याकडची खोली हवेशीर, आतली शांत. पण आतली खोली लिफ्टच्या मोटरीला, पाण्याच्या पंपाला किंवा जिन्याला लागून नको. जुन्या शहरात पहाटेची अजान, काकडा, मग दुधाच्या गाड्या आणि शटर उघडणं, हे सगळं येतंच. त्याबद्दल मॅनेजरशी वाद घालण्यापेक्षा कानात कापूस घाला. समोर मंगल कार्यालय असेल तर मात्र विचारा, आज लग्न आहे का. ध्वनिक्षेपकाची वेळ रात्री दहापर्यंतच असते.

७. नोंद आणि पैसे

खोली पटली की आता बॅगा वर, आणि तुम्ही काउंटरवर.

रजिस्टरमध्ये वेळेचा रकाना स्वतः वाचा. चोवीस तासांच्या लॉजमध्ये चार तास आधीची वेळ लिहिली गेली तर उद्याचे तुमचे चार तास गेले. संध्याकाळी ५:१० ला आलात तर ५:१० च लिहा. खाडाखोड असेल तर त्याशेजारी सही करायला लावा.

एका दिवसाचंच भाडं आगाऊ द्या, तीन दिवस राहणार असलात तरी. दुसऱ्या दिवशी पाणी गेलं तर बाहेर पडायची मोकळीक राहते. यूपीआयने पैसे देताना शेऱ्यात खोली नंबर आणि तारीख टाका. पावती कागदाची घ्या: खोली नंबर, माणसं, भाडं, अ‍ॅडव्हान्स, आल्याची वेळ. डिपॉझिट वेगळं असेल तर ते वेगळं लिहिलेलं हवं, ‘अ‍ॅडव्हान्स’मध्ये मिसळलेलं नको.

जीएसटी: रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. कोणी जुन्या सवयीने १२ टक्के लावत असेल तर बिलावर बोट ठेवा. ज्या लॉजकडे जीएसटी क्रमांकच नाही त्याला हा कर घेता येत नाही. बिलावर क्रमांक छापलेला नसेल तर विचारा.

८. मुक्कामात

झोपण्याआधी एक बादली भरून ठेवा. नेहमी. पहाटे पाचला पंप बंद पडला तर त्या एका बादलीवर दोघांचं आवरतं.

कॉमन बाथरूम असेल तर साडेपाच ते साडेसहा ही वेळ पकडा. सातनंतर रांग लागते आणि सोलरचं गरम पाणी संपत आलेलं असतं. परीक्षेच्या दिवशी हीच वेळ सगळी पोरं पकडतात, तेव्हा अजून अर्धा तास आधी.

ओले कपडे खिडकीच्या गजाला बाहेरून लटकवू नका, खालच्या दुकानदाराच्या मालावर पाणी पडतं आणि भांडण तुमच्या नावावर येतं. गच्चीवर जाऊ देतात का विचारा.

एसटीने लेण्यांना जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. जळगावकडे जाणाऱ्या गाडीत कंडक्टरला ‘अजिंठा लेणी’ म्हणा, नुसतं ‘अजिंठा’ म्हटलं तर अजिंठा गावात उतरवतात. लेणी घाट उतरून पुढे आहेत. आणि वेरूळ लेण्यांजवळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना कमरेच्या वर उघडं जावं लागतं, म्हणून पैसे आणि किल्ली शर्टाच्या खिशात ठेवू नका.

लॉजवाल्याने ओळखपत्र अडवलं, जबरदस्तीने जादा पैसे मागितले तर आधी शांतपणे लेखी बिल मागा. बहुतेक वाद तिथेच मिटतात. नाहीच मिटला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, पर्यटकांसाठी १३६३, धोका वाटला तर ११२.

९. निघताना

वेळ संपायच्या एक तास आधी खाली सांगा, बिल करून घ्या. ऐन वेळी काउंटरवर कोणी नसतं आणि ‘दहा मिनिटं उशीर’ अर्ध्या दिवसाचं भाडं होतो. बिलात न मागितलेली गादी, न वापरलेला कूलर, पाण्याच्या बाटल्या आल्यात का बघा. डिपॉझिट रोख दिलं होतं तर रोखच परत घ्या. ‘उद्या जीपे करतो’ला होकार देऊ नका.

दिवसभर सामान लॉजवर ठेवायचं असेल तर बॅगेला कुलूप लावून फोटो काढा आणि ती जिन्याखाली नाही, काउंटरच्या मागे ठेवायला सांगा. दागिने, लॅपटॉप, मूळ कागद त्यात नकोत.

पलंगाखाली, उशीच्या अभ्र्यात, बाथरूमच्या दारामागच्या खिळ्याला आणि चार्जिंगच्या पॉइंटला एकदा हात फिरवा. घरी पोचल्यावर बॅग थेट कपाटात किंवा पलंगाखाली सरकवू नका. कपडे गरम पाण्यात टाका, आणि रिकामी बॅग सगळ्या चेन उघडून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, दिवसभर गच्चीवर कडक उन्हात. एखादा ढेकूण सोबत आलाच असेल तर कडक उन्हाने तो मरू शकतो, पण तेवढ्यावर विसंबू नका.